ड्रूसिलाचं नाव तीनदा पुकारलं

सन्माननीय अध्यक्ष पाद्री व्हीलॉकसाहेब, व्यासपीठावरचे दोन्ही न्यायाधीश महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण या प्रार्थनागृहात जमलो ते वकील थॅक्स्टरसाहेब, खाली बाकांवर बसलेले गावकरी, आणि वर सज्ज्यात दाटीने उभी असलेली माझी माणसं, सर्वांना झिल्पाचा नमस्कार.

अध्यक्षांनी मला कृतज्ञतेचे दोन शब्द बोलायला सांगितलंय. ते बोलणारच. थॅक्स्टरसाहेब नसते, तर आजही मी कॅप्टन टारबेलांच्या घरी कपडे धूत असते. आता स्वतःच्या घरी धुते. कपडे बहुतेक त्यांचेच असतात.

आमची आई वाम्पानोआग, इथल्या मूळ रहिवासी जमातीची, जन्माने स्वतंत्र. बाप कॅप्टनसाहेबांचा गुलाम. आई स्वतंत्र तर मूलही स्वतंत्र, असं इथलं कोर्टच मानतं. पण आई वारली तेव्हा मी सहा वर्षांची, धाकटी ड्रूसिला अंगावर पिणारी. कॅप्टनसाहेबांनी आम्हाला ठेवून घेतलं. पुढे सगळे आम्हाला त्यांच्या मालकीच्या समजू लागले. आम्हीसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी साहेबांच्या दारी गेलो. दोघींचे दावे दाखल झाले. साहेब म्हणाले, "दोन्ही एकदम चालवले तर ज्यूरी बिचकेल. आधी एक जिंकू. मग दुसरा जिंकल्यातच जमा."

ड्रूसिला म्हणाली, "मग हिचा आधी घ्या, साहेब. हिला भांडायची सवय आहे. माझ्या वेळी मी नुसती गोड हसेन."

तुम्हीही हसला होतात. आठवतं ना, साहेब?

कोर्टात कॅप्टनच्या वकिलांनी मला विचारलं, "तुझी आई स्वतंत्र होती, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

मी म्हटलं, "आईला मासे वाळवताना पाहिलं. स्वातंत्र्य कसं दिसतं ते तुम्ही सांगा, मग तेही पाहिलं का ते सांगते."

आईला ओळखणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी साक्ष दिली. दुपारी निकाल माझ्या बाजूने लागला. लोक साहेबांचे हात हातात घेत होते, तेवढ्यात मी कॅप्टनच्या स्वयंपाकघराकडे पळाले. ड्रूसिलाला आधी मीच सांगणार होते.

स्वयंपाकीण ब्रिजेट मान वर करेना. म्हणाली, "सकाळीच नेली गं तिला. साखरेच्या बेटांकडे जाणाऱ्या जहाजावर, तिथल्या उसाच्या मळ्यांवर विकायला."

"काही म्हणाली?"

"विचारत होती, झिल्पाचं काय झालं?"

कोर्टाच्या पुढच्या बैठकीत तिचा दावा निघाला. पुकारणाऱ्याने तिचं नाव तीनदा पुकारलं. वादी गैरहजर, दावा खारीज. मी उठून म्हटलं, "महाराज, प्रतिवादीनेच तिला जहाजावर चढवलंय. ती येणार कुठून?"

उत्तर आलं, "बाई, हा तुझा दावा नाही."

ते उत्तर देणारे न्यायाधीश आज व्यासपीठावर आहेत. वेळात वेळ काढून आले, त्यांचे आभार.

थॅक्स्टरसाहेबांनी वाईट हेतूने काही केलं, असं मी म्हणत नाही. त्यांनी त्यानंतर बेटांवर चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग ते थांबले. मी कशी थांबू?

साहेब, तुम्ही आता दुसऱ्या जिल्ह्यात न्यायाधीश होऊन जाताय. तिथे दोघी बहिणी आल्या, तर दोघींचं एकाच दिवशी ऐका. आणि निकाल लागेपर्यंत कुणालाही मालकाच्या घरी परत पाठवू नका. निरोपाची भेट म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

मला खाली बोलावून इथे उभं राहू दिलंत, त्याबद्दल सर्वांची आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मला क्षमा करा. ड्रूसिलाच्या वतीने मात्र मी कुणाची क्षमा मागत नाही, आणि कुणाला क्षमा करायचा अधिकारही तिने मला दिलेला नाही.