गुरांचा हेडी

खेळात नफा कमावला तर काय बिघडलं म्हणता? यावरूनच मी संतोषशी भांडलो होतो.

परभणीत आम्ही एकाच खोलीवर राहायचो आणि मोबाईलवरच्या एका खेळात क्रिकेटचे संघ चालवायचो. मी नवखे खेळाडू घडवायचो. तो स्वस्तात खेळाडू घ्यायचा, महागात विकायचा आणि पहिला यायचा.

“लेका, ही बेइमानी हाय,” मी चिडलो. “तू कुठला मॅनेजर? गुरांचा हेडी हायस!”

“माझा बाप हेडीच हाय की,” तो हळूच म्हणाला. “बैल घेतो, इकतो. आपल्या दोघांचा डबा त्यातूनच यायलाय.”

त्यानं खेळ मोबाईलमधून काढला आणि माझ्याशी बोलणंही टाकलं. मी पहिला आलो.

त्याच्या गावाहून, झरीहून, एसटीनं डबा मात्र दोघांचाच येत राहिला.