सदतिसावं घर

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी त्यांनी खेळण्यातलं रूलेटचं, आकड्यांवर पैज लावायचं चाक माझ्यापुढं सरकवलं होतं.

"चिंचोके लावून एक डाव?"

"शेवटी चाकच जिंकतं, तुम्हीच शिकवलंत," म्हणत मी पुस्तकाचं पान उलटलं.

आज महापालिकेत जन्माच्या आणि मृत्यूच्या दाखल्यांची रांग एकच होती. माझ्यापुढं एक वडील आणि त्यांची मुलगी, तिच्या बाळाच्या दाखल्यासाठी उभे होते.

"अण्णा, काल रूलेटमधी माझे चाळीस चिंचोके गिळले तुम्ही."

"मी नाय, शून्यानं गिळले. घरं सदतीस, अन् जिंकल्यावर एकाचे छत्तीसच मिळतेत. एक घर कायम चाकवाल्याचं."

"अन् चाकवाले तुम्हीच!"

"व्हय. म्हणून सांगतो मोने, लई खेळलीस तर हरणारच."

"माहितीये की."

"मग कळून-सवरून कशाला बसतीस?"

"चाक फिरवताना तुम्ही मिशी पिळता, ते बघायला."

"गप. लोकं ऐकतेत."

"ऐकू द्या. आज जेवल्यावर पुन्हा बसू."

"बाळ झोपलं तर."

"नाय झोपलं तर मांडीवर घेऊन खेळू."

तिचे हरलेले चाळीस चिंचोकेसुद्धा मला हवे होते.

त्यांचं काम झालं. जाताना ती हसून म्हणाली, "या ताई. तुमच्याबी बाळाचाच का?"

"नाही. वडिलांचा."

तिनं अण्णांचा हात धरला. मी नजर खिडकीकडं वळवली.

"मयताचं नाव?" आतून कारकुनानं विचारलं.

मी नाव सांगितलं. मग मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, "मांडा बाबा. एक डाव खेळू."