मस्कतहून आलेला फोटो

मोडेमचं नाव काढलंत म्हणून सांगतो. कुणकेश्वरला माझा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मासे विकणाऱ्या शेवंतीकाकी टोपली घरी ठेवून, नवं लुगडं नेसून आल्या. मस्कतला त्यांच्या लेकीला मुलगी, त्यांच्या भाषेत 'चेडू', झाली होती आणि जावयाने फोटो ईमेलने पाठवला होता.

"माका नात दाखव रे," म्हणाल्या.

मी इंटरनेट लावायला गेलो, तर पडद्यावर 'मोडेम सापडत नाही'. मागची केबल काढून बघतो, तर ती जिथे खोचतात त्या सिरियल पोर्टच्या पिना खाऱ्या हवेने गंजलेल्या. त्या घासून पुसल्या, तर नवीनच तक्रार: पोर्ट कामात आहे. माउस आणि मोडेम, दोघांनाही एकच पोर्ट हवा होता. शेवटी माउस काढूनच टाकला आणि नुसत्या कीबोर्डवर काम चालवलं. यात तासभर गेला, पण काकी जागच्या हलल्या नाहीत.

मोडेम शिट्ट्या मारायला लागला तशा त्या पुढे सरकल्या. फोटो वरून खाली, रेघेरेघेने उतरू लागला. आधी पांढरं दुपटं, मग काळंभोर जावळ, कपाळ, मिटलेले डोळे. तिथेच लाइन तुटली. नाक आणि तोंड यायचं राहूनच गेलं.

"थांबा हां काकी, परत लावतंय," मी म्हटलं.

त्यांनी मला थांबवत माझा हात धरला. कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"रवांदे रे. चेडू निजलाहा. उठवू नको तेका."