समुद्राच्या बाजूची सीट

ड्रायव्हिंगच्या परीक्षेसाठी आम्ही सगळे ताटकळलो होतो. मागच्या बाकावर एक वयस्कर नवरा-बायको नकाशा पसरून बसले होते.

"पहिला थांबा दीपस्तंभ. दहा मिनिटं."

"दहाच? अहो, तिथे सूर्यास्त बघायचाय!"

"बरं, पंधरा. मग खाडीचा पूल, मग बंदर, मग तिठा..."

"तिठ्यावर काय आहे?"

"स्टॉप आहे."

"आपल्याला काय प्रवासी भरायचेत?"

"सवय गं. अख्खी नोकरी त्याच रस्त्यावर बस चालवली."

"आता गाडीतच पलंग आहे, शेगडी आहे. वाटेल तिथे उभी करायची न् ताणून द्यायची. मला सांगा, दीपस्तंभाखालची वाळू पांढरी की काळी?"

"कोण जाणे."

"इतकी वर्षं गेलात की तिथून!"

"वळणं बघू की वाळू? मागे बसभर माणसं. ती 'अहाहा' करायची, की समजायचं, समुद्र आला."

"म्हणून तर म्हणते, किनाऱ्यावर गाडी मी चालवणार."

"आधी पास तर हो. पहिल्या गिअरला गाडी उडी मारते तुझी."

"शिकवलं कोणी?"

"...मीच."

"मग झालं तर!"

तेवढ्यात खिडकीतून बाईंच्या नावाचा पुकारा झाला. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"आणि हे बघा, मी चालवताना शेजारी बसून पायाने ब्रेक दाबायचे नाहीत."

"मग काय करू?"

"नुसतं 'अहाहा' करायचं."