पाकिटातल्या बांगड्या

वाशीमच्या स्टँडवर रूपा मेडशीच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर एक बाई नवऱ्यावर अशी तापली होती, की रूपाचे कान आपोआप तिकडं लागले.

“त्या कोचिंगवाल्या सराचं नाव काढू नका आता!”

“काहून वं? धंदा वाढवाचा तं शिकाच लागते. सर म्हंतात, मालकानं कोट घालून काउंटरमागं उभं राहावं. गिऱ्हाइकाचा हात धरून बसू नये, टाइम जाते.”

“बांगड्याचं दुकान हाय आपलं! हात नाही धराचा तं काय पाय धराचे?”

“म्हणून तं पाकिटं केली. नंबर पाहाचा, पाकीट न्याचं, घरी भराच्या.”

“अन् घरी फुटल्या म्हंजे? काल उकंडरावच्या सुनेच्या सहा फुटल्या, तेबी ऐन डोहाळजेवणाच्या दिवशी!”

“तिनं नंबर चुकीचा नेला.”

“बाईले नंबर कुठं माहीत राह्यते? आजवर हात दाबून तुमीच सांगत होते.”

“मंग आता बाया जाऊन कुठं राह्यल्या?”

“तुमच्या आईच्या ओट्यावर. बुढी एकेकीचा हात चोळते, माहेरचं इचारते, अन् बांगडी भरते. सकाळपासून लाइन लागते.”

“मायच्या? तिले तं नीट दिसतबी नाही!”

“हाताले कळते तिच्या.”

“मंग तिलेच दुकानात आण ना.”

“इचारलं म्या. म्हणे, त्याले कोट काढून इथं ओट्यावर बसाले सांग. हात धराचं मी शिकवतो.”