फितीच्या अलीकडे

— नाही नाही, तिथे नका बसू, तिथली फळी निघालीये, पॅन्ट फाटेल तुमची आणि मग मलाच शिवत बसावं लागेल — इकडे या, सावलीत. तसं माझं कामच ते म्हणा. चेन बदलून दे, कंबर सैल करून दे, बाही आखूड कर — लोक जाड होतात आणि माझं दुकान चालतं. आता ही हातात आहे ना, ही माझ्या भावाची पॅन्ट. गुडघे बघा तिचे. आतून चामड्याचा तुकडा लावलाय, दुहेरी, सोफे बनवणाऱ्याकडून उरलेला मागून आणला — तरी झिजतोच. का झिजतो ते सांगते ना, तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

काय म्हणालात तुम्ही मघाशी — अभ्यासाला आलोय? बरं बरं. पहिल्या पिक्चरच्या वेळी अभ्यास राहून गेला होता वाटतं? अहो, बसा, बसा, उठताय काय, मी अशीच बोलते, माझं गिऱ्हाईकसुद्धा घाबरतं मला. दुसरा भाग काढताय, पुन्हा तोच मतिमंद धावपटू, पुन्हा तुम्हीच — कळलं, ह्यांना पळायला शिकवतात त्या मास्तरांनी सांगितलं सकाळीच. म्हणाले, एवढा मोठा नट आपल्या मैदानावर येतोय, नीट बोला. नीटच बोलतेय. तो बघा तिकडे, पिवळ्या बनियनमधला, एक बूट पायात आणि एक हातात — तो माझा भाऊ. पाठचा. तोफ म्हणतात त्याला सगळे, मास्तरांनीच ठेवलेलं नाव, शिट्टी वाजायच्या आत सुटतो म्हणून. तुम्हाला ओळखलं का म्हणताय? अहो, तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हापासून तो दुसरा बूट हातातच आहे.

तुमचं काम चांगलं झालं होतं हो, खोटं कशाला बोलू. पॅन्ट छातीपर्यंत ओढलेली, मान एका खांद्यावर टाकलेली, जीभ अशी कोपऱ्यातून बाहेर — कुणाचं बघून केलंत? कुणाचंच नाही ना? मला वाटलंच. कारण आमच्यात तसा एकही नाही. बघा की, एवढे जण पळतायत, एकाची तरी पॅन्ट छातीवर आहे? सगळ्यांच्या कंबरेची मापं माझ्याकडे आहेत. आणि जीभ बाहेर काढून पळून बघा एकदा — चावली जाते. ह्याची चावली होती. तुमचा पिक्चर बघून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. रक्तबंबाळ तोंड घेऊन आला आणि मला म्हणतो, ताई, जमलं.

आणि काय ते गोड सगळे! तुमच्या पिक्चरमधले, म्हणते मी. कुणाला जिंकायचंच नाही, सगळे एकमेकांच्या गळ्यात. आमचा तोफ? हरला की माझ्याशी अबोला, जशी काही मीच शिट्टी उशिरा वाजवली. एकदा पहिला आला तर शेजारी दुसरा नंबरवाला उभा, त्याला फोटो काढताना चिमटा काढला ह्यानं — फोटो आहे घरी, त्या बिचाऱ्याचं तोंड बघा कसं आलंय. हट्टी, मत्सरी, स्वतःच्या ताटातला कण कुणाला देणार नाही — आणि वेगवान. वेगवान हो! ते दाखवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अख्खा पिक्चर शर्यतीवर आणि एक माणूस त्यात नीट पळत नाही. मध्यंतरापर्यंत आमच्यावर हसायचं, मध्यंतरानंतर आमच्यासाठी रडायचं, तिसरा काही उपयोगच नाही आमचा. दुसऱ्या भागात काय आहे? — नका सांगू, नका सांगू. कळलं मला तुमच्या तोंडावरून.

ती शेवटची शर्यत आठवते ना तुमची? आठवणारच, तुमचीच ती. तुम्ही सगळ्यांच्या पुढे, समोर फीत, आता पोचलातच — आणि तुम्ही काय करता? थांबता. लोकांकडे वळता. हात हलवता, असा, पूर्ण वर करून, बोटं पसरून — आणि धाडदिशी तोंडावर. थेटर नुसतं लोळत होतं. मग बाकीचे पळणारे मागे फिरतात, तुम्हाला उचलतात, हातात हात घालून सगळे फीत ओलांडतात आणि मागे व्हायोलिन सुरू — मग हेच लोक नाकं शिंकरायला लागले. मला तोफची काळजी. म्हटलं, पोरगं घाबरलं असेल, त्याला वाईट वाटलं असेल — म्हणून बघितलं, तर तो पडद्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. कारण मी — तुटला बघा दोरा. तुमच्याकडे बघत बोलतेय ना, म्हणून.

त्यानंतरची पहिली स्पर्धा. आमचा पुढे, बाकीचे चांगले मागे, मी इथे उभी राहून घसा फोडतेय. आणि फितीच्या अलीकडे हा थांबला. वळला. हात वर केला, बोटं पसरून — आणि पडला. मला वाटलं पाय मुरगळला. मागून बाकीचे आले, आणि एकही थांबला नाही हो! का थांबतील? त्यांनाही जिंकायचं होतं, त्यांच्याही घरचे ओरडत होते. एकजण तर ह्याच्या पंजावर पाय देऊन गेला. आणि हा पडलेला तसाच, मान वर करून वाट बघतोय. कुणाची म्हणजे काय — उचलणाऱ्यांची! मी धावले, म्हटलं ऊठ राजा, कुठे लागलं, तर माझ्यावरच डोळे वटारतो. ताई, अजून नाही, म्हणतो. आधी हसायचं.

तेव्हापासून दर वेळी. दर वेळी! सरावातसुद्धा. मास्तरांनी समजावलं, रागावले, लाडीगोडी लावून झाली, एकदा फीतच काढून बघितली — फीत नसली तरी ह्याला बरोबर कळतं कुठे पडायचं ते. मी म्हटलं, अरे, पिक्चर खोटा असतो. ते साहेब खरे पडले नव्हते, खाली गादी होती. तर म्हणतो, मग लोक खरे का हसले? द्या उत्तर. तुम्ही नट आहात, तुम्हीच द्या.

उठतो कसा मग? उठतो की. कसा म्हणजे — उठतो. अहो, मी हसते. झालं? मोठ्यानं हसते, थेटरात हसले होते तशी. म्हणून तो माझ्याकडे बघत होता त्या दिवशी. आई गेल्यापासून आमच्या घरात कुणी हसलेलं त्यानं ऐकलं नव्हतं, आणि तुम्ही असे काही पडलात की मला आवरेचना, डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. त्याला वाटलं, एवढं सोपं होतं होय. आता तो पडतो आणि मी हसले नाही तर उठत नाही. एकदा मी हट्टाला पेटले, म्हटलं बघतेच किती वेळ राहतो — ऊन डोक्यावर आलं, मैदान रिकामं झालं, माळी पाण्याचा पाइप घेऊन उभा, आणि हा आपला मातीत हनुवटी टेकून माझ्याकडे बघत. हसले शेवटी. काय करणार होते? आणि वरवरचं हसलेलं चालत नाही त्याला, लगेच कळतं. पोटातून यावं लागतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी सराव करते. मशीन चालू ठेवते, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या पलीकडच्या बाकावरच्या बायका दिसतायत? बाकीच्यांच्या आया. पूर्वी आम्ही एकत्र बसायचो, एकाच डब्यातलं खायचो. आता मी आले की पिशव्या सरकवून जागा अडवतात. त्यांचंही बरोबरच आहे — भाऊ तोंडावर आपटलाय आणि ही बया खिदळतेय! कुणाकुणाला समजावत बसू? रात्री झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीची. सगळ्यांना काळजी असते, आपल्यामागे ह्यांना जेवायला कोण घालणार. जेवायला घालेल हो कुणीतरी. पण हा कुठेतरी पडून राहील आणि ह्याला उठवायला हसणार कोण?

बरं, ऐका. रडगाणं पुरे. तुम्हाला त्याला पळताना बघायचंय ना, खुशाल बघा. बदल्यात माझं एक काम करा. बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेसाठी मास्तर आज संध्याकाळी नावं पाठवणार आहेत. मला स्पष्टच सांगितलंय त्यांनी — आज एकदा, एकदाच, फितीतून पलीकडे गेला तर त्याचं नाव जाईल. नाही गेला तर जागा दुसऱ्याची, आणि पुढच्या महिन्यापासून मैदानावरही आणू नका म्हणाले. वाईट नाहीत ते. थकलेत. आणि त्याच्याकडे ह्या मैदानाशिवाय काही नाही हो, घरी दिवसभर माझ्या मशीनशेजारी बसून चिंध्यांचे ढीग लावतो, रंगाप्रमाणे. तर तुम्ही सांगा त्याला. माझं नाही ऐकत, मास्तरांचं नाही ऐकत, पण तुमचं — तुम्ही म्हणजे त्याच्यासाठी कोण आहात, तुम्हाला कल्पना नाही. फीत तोडायची, एवढंच सांगा. सांगाल? खरंच? — थांबा, बोलावते.

ए तोफ! इकडे ये. बूट घाल आधी, बूट. ये. हे कोण आहेत, ओळखलंस? — अरे, हात सोड त्यांचा, उपटून घेशील. — सांगा तुम्ही.

— ऐकलंस का रे? काय म्हणाले ते? माझ्याकडे बघून म्हण. शाब्बास. थांबायचं? नाही थांबायचं. फीत? तोडायची. कुणाला शब्द दिलास? ह्यांना दिलास, मला नाही. जा आता, जा, मास्तर बोलावतायत.

छान बोललात हो. खरंच. बाकीचे लोक कसं खाली वाकून बोबडं बोलतात त्याच्याशी, त्याच्या दाढीत पांढरे केस आलेत आणि हे बोबडं बोलतात — तुम्ही सरळ बोललात. मी उगीच तोंड सोडलं मघाशी तुमच्यावर. चला, फितीपाशी उभे राहू, या. आज होईल असं वाटतंय. ‘हो’ म्हणू नका, दृष्ट लागेल, नुसतं उभे राहा.

शिट्टी — सुटला! बघा, बघा, हे बघायला आलात ना, बघून घ्या नीट. मान कुठेय? सरळ. जीभ? आत. खांदे बघा, जराही हलत नाहीत, हे कुणी शिकवलेलं नाही त्याला. बाकीचे कुठल्या कुठे राहिले. वळण घेतलं बघा, कापल्यासारखं. असा पळतो माझा भाऊ, असं दाखवा तुमच्या पिक्चरमध्ये! ये राजा, ये, सरळ ये, थांबू नकोस, आला, आला — अहो, हात कशाला — हात खाली! हात हलवू नका त्याला, खाली घ्या तो हात —

नाही. तुमची चूक नाही. माणूस कौतुकानं हलवतो हात. कुणीही हलवला असता. त्या हाताचं सगळं सांगितलं होतं मी तुम्हाला, पण असू दे.

बघा कसा पडलाय. दोन्ही हात पुढे, हनुवटी वर, तुमच्यासारखा हुबेहूब. इतकं चांगलं तो कधीच पडला नव्हता. फीत त्याच्या बोटांपासून एवढीशी लांब आहे. मास्तरांकडे बघू नका, त्यांनी नावं कळवायला फोन काढलाय, काढू दे. तो वाट बघतोय. आज माझ्याकडे नाही बघत, तुमच्याकडे बघतोय, तुमच्यासाठी पडलाय तो. हसा. मोठ्यानं हसा, पोटातून, माझ्याच्यानं आज नाही होणार, तुम्हीच — अहो, हे काय? डोळे पुसा. पुसा म्हणते ना! रडायचं नाही इथे. कुणी रडलं तर पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नाही, थेटरातले रडणारे अंधारात होते, त्यानं फक्त मला हसताना पाहिलंय. हसा ना हो. एवढा मोठा नट तुम्ही, तुम्हाला साधं हसता येत नाही?

राहू दे. जा तुम्ही. त्या फाटकानं जा, आणि जाताना मागे वळून हात हलवू नका. आधी बाजूला व्हा, मध्ये उभे आहात तुम्ही — मी हसताना त्याला दिसले पाहिजे.