पारा उतरला

आत्या: …आणि ही जिन्यासारखी रेघ दिसते ना, तिच्या डावीकडे धातू, उजवीकडे अधातू. आता सांग, गंधक कोण?

ठकी: अधातू. ठोकलं की भुगा होतो. आत्या, बाळ रडत का नाहीये?

आत्या: झोपलंय म्हणून. रात्रभर तापानं फणफणलं होतं बिचारं. रडलं तर म्हणतेस अभ्यास होत नाही, गप्प राहिलं तरी तक्रार. तांबं?

ठकी: धातू. ठोकलं की पत्रा होतो, ओढलं की तार. मी बघून येऊ त्याला?

आत्या: बस खाली, अभ्यासचोर कुठली. मूलद्रव्यांच्या या अख्ख्या तक्त्यात दोघंच असे, जे घरातल्या हवेत पातळ राहतात. अधातूंमध्ये ब्रोमीन. धातूंमध्ये कोण?

ठकी: शिसं?

आत्या: अगं, सकाळीच तुझ्या आईनं बाळाच्या काखेत लावला होता की.

ठकी: पारा.

आत्या: हां. तापला की फुगतो आणि नळीत वर चढतो.

ठकी: मग झटकला की ताप उतरतो ना?

आत्या: खुळी का काय तू? झटकल्यानं पारा उतरतो. ताप बाळाच्या अंगात असतो, काचेत नाही.

ठकी: पण आई म्हणाली होती, पारा उतरला नाही तर बाळाला दवाखान्यात ठेवावं लागेल.

आत्या: आणि उतरला. म्हणून तर वहिनी निर्धास्त कामावर गेली. रडतेस कशाला?

ठकी: आजोबांनाही ठेवलं होतं. ते परत आलेच नाहीत.

आत्या: ठकी, इकडे बघ माझ्याकडे. काय केलंस तू?

ठकी: आई दार उघडायला गेली ना, दूधवाला आला तेव्हा. मी तापमापी काढली, आईसारखी झटकली आणि परत काखेत ठेवली. आईनं येऊन लगेच बघितली. म्हणाली, सुटले गं बाई. औषधाची बाटली पण ठेवून दिली.

आत्या: झटकायच्या आधी किती होता?

ठकी: बघितलंच नाही. भीती वाटली.

(आत्या आतल्या खोलीत धावते. ठकी दारात थांबते.)

आत्या: आई गं. अंगाला हात लाववत नाहीये. बाळा, ए राजा, डोळे उघड. ठकी, माझा फोन दे आणि फडका ओला करून आण. पळ.

ठकी: आत्या, माझ्यामुळे मरेल का ते?

आत्या: असं बोलू नये. मलाही भीती वाटतेय गं, पण रडायला नंतर बसू दोघी. ही तापमापी काखेत धर, त्याचा हात दाबून ठेव. हॅलो, डॉक्टर? आमचं बाळ… हो, अंग भाजतंय. नाही, औषध दिलेलं नाही. थांबा, सांगते. ठकी, काढ आता. किती?

ठकी: एकशे चार.

आत्या: नीट बघ.

ठकी: नीटच बघितलं, आत्या. आता झटकला नाही मी.